बादशाही आशुरखाना : दुखवट्याच्या भिंतीवरचे रंग

हैदराबादेतील चारमिनारकडे पाठ करून उत्तरेला, पथ्थरगट्टीच्या बाजारातून मदिना चौकाच्या दिशेने निघालात, की दोन्ही बाजूंना कापडाची आणि मोत्यांची दुकाने लागतात. पर्यटकांचे लक्ष त्यांच्यातच गुंतते. याच गजबजाटाला लागून, एका आवारात, शहराहून केवळ पाच-सहा वर्षांनी धाकटी असलेली एक वास्तू उभी आहे. तिचे नाव बादशाही आशुरखाना. उंच लाकडी खांबांच्या दालनातून आत गेल्यावर समोर जी भिंत येते, तिच्यावर पिवळा, निळा, हिरवा, पिरोजी, तपकिरी असे रंग अक्षरशः उसळलेले आहेत. वास्तू मात्र शोक करण्यासाठी बांधलेली आहे.

आजचा धागा या भिंतीविषयी. थोडा लांब आहे, पण दख्खनच्या चारशे वर्षांचा इतिहास तिच्यावरून वाचता येतो. त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे धागेही बरेच आहेत.

आधी शब्द समजून घेऊ. ‘आशुरा’ म्हणजे मोहरम महिन्याचा दहावा दिवस. ‘खाना’ हा प्रत्यय आपल्याला परका नाही; तोफखाना, कारखाना, दवाखाना यांतला तोच. आशुरखाना म्हणजे आशुऱ्याचे घर. उत्तर हिंदुस्थानात अशाच वास्तूला इमामबाडा म्हणतात आणि त्यातला ‘बाडा’ म्हणजे आपला वाडाच. ही मशीद नव्हे. येथे रोजची नमाज हा मुख्य हेतू नसतो. मोहरमचे दहा दिवस लोकांनी एकत्र बसावे, करबलाची कथा ऐकावी, मर्सिये म्हणजे शोकगीते म्हणावीत, छाती पिटून मातम करावा, यासाठी ही जागा असते. ‘अलम’ म्हणजे निशाणे येथे उभी केली जातात. लांब दांड्याच्या टोकाला धातूचे कोरीव पाते किंवा पंजा, आणि त्याला गुंडाळलेली वस्त्रे, असे त्यांचे रूप.

हा शोक कोणाचा? हिजरी सन ६१, मोहरमची दहावी तारीख. इसवी सनाप्रमाणे १० ऑक्टोबर ६८०. आजच्या इराकमधील करबलाच्या मैदानात प्रेषित महंमदांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे मूठभर साथीदार उमय्या खलिफा यझीदच्या फौजेशी लढताना मारले गेले. पाणी तोडलेले, सोबत बायकामुले, समोर प्रचंड सैन्य. साथीदारांची संख्या परंपरेने ७२ मानली जाते. शिया पंथाच्या जाणिवेचा हा केंद्रबिंदू आहे. मात्र हुसेन यांच्याविषयीचा आदर केवळ शियांपुरता कधीच नव्हता, हे पुढील कथेत लक्षात ठेवावे लागेल.

आता दख्खन. १५०१ साली शाह इस्माईलने इराणात सफवी सत्ता स्थापली आणि शिया पंथाला राजधर्म केले. त्याच सुमारास आपल्याकडे बहमनी राज्य फुटत होते. विजापूरच्या युसुफ आदिलशहाने एक-दोन वर्षांतच बारा इमामांच्या नावे खुतबा वाचविला. पुढे त्याच्या वंशजांनी हे धोरण एकदा नव्हे, अनेकदा फिरविले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. गोवळकोंड्याचा सुलतान कुली मुळात इराणातील हमदानकडचा, जन्माने शिया. त्याच्या कुतुबशाही घराण्यात मात्र हा पंथ अखेरपर्यंत टिकला.

पण केवळ राजांचे पंथ मोजून ही कथा कळणार नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील अंबडच्या परिसरात राहणाऱ्या अश्रफ बियाबानी या सूफीने १५०३ साली ‘नौसरहार’ नावाचे काव्य दख्खनी भाषेत रचले. विषय करबला. म्हणजे गोवळकोंड्याचे राज्य नीट स्वतंत्रही झालेले नव्हते, तेव्हा मराठवाड्याच्या मातीत, लोकांना कळेल अशा बोलीत, हुसेन यांची कथा सांगितली जात होती. आशुरखान्याची वीट रचली जाण्यापूर्वी त्याचा श्रोता तयार होता.

मुहम्मद कुली कुतुबशहा १५८० मध्ये गादीवर आला. गोवळकोंड्याचा किल्ला दाटीने भरला होता. मुसीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसवायचे ठरले. हिजरी १००० सन उजाडत होते, म्हणजे १५९१. या कामामागचा मुख्य मेंदू मीर मोमिन अस्तराबादी, सुलतानाचा पेशवा. (होय, पेशवा. हे पद आपल्या पेशव्यांच्या बरेच आधीपासून दख्खनी दरबारांत रूढ होते.) मीर मोमिन स्वतः इराणातून आलेला शिया विद्वान. मध्यभागी चारमिनार, चार दिशांना चार रस्ते, आणि लगेच, १५९२ ते १५९६ या काळात, आशुरखाना.

हा क्रम मला बोलका वाटतो. शहराची भव्य मक्का मशीद सुरू व्हायला १६१७ साल उजाडले आणि पुरी व्हायला औरंगजेबाचा अंमल यावा लागला. शोकाचे घर मात्र पहिल्या पाच वर्षांतच उभे राहिले. नव्या शहराला एकत्र आणायला काय लागेल, याविषयी सुलतानाचे किंवा त्याच्या पेशव्याचे काही निश्चित मत असले पाहिजे.

सुलतान स्वतः कवी होता. दख्खनीतील त्याच्या कवितांच्या मोठ्या संग्रहात वसंत, पावसाळा, शबे-बरात, प्रेयसी, भाज्या आणि फळे यांच्या शेजारीच मर्सियेही आहेत. दरबारची भाषा फारसी असताना शोकासाठी त्याने लोकभाषा निवडली. रडायचे ते मायबोलीतच, एवढे त्याला नक्की कळले होते.

आता पुन्हा भिंतीकडे. तिच्यावर चित्रित फरश्या नाहीत. हे मोझेक काम आहे, आणि दोहोंत मोठा फरक आहे. एका फरशीवर अनेक रंगांत चित्र काढून ती भाजणे तुलनेने सोपे. येथे प्रत्येक रंगाची चकचकीत फरशी वेगळी भाजली, मग तिचे पाकळीएवढे, अक्षराएवढे तुकडे कापले आणि ते शेजारी शेजारी बसवून आकृती घडविली. तंत्र इराणचे. इराणी इमारतींवर निळ्या आणि पिरोजी रंगांचे राज्य असते. येथे मात्र मोहरीच्या फुलासारखा पिवळा आणि मातकट तपकिरी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात. षट्‌कोनांची जाळी आहे, वळणदार फुलोरे आहेत, आणि सर्वांच्या मधोमध ज्वाळेसारखा वर चढत गेलेला अलम आहे, ज्याच्या अंगातच अक्षरे गुंफलेली आहेत. माणसाची आकृती कोठेही नाही. हुसेन नाहीत, घोडा नाही, रणांगण नाही. आहे ते निशाण. सेनापती पडला तरी निशाण पडू द्यायचे नाही, हा करबलाच्या कथेतला एक कळीचा धागा. निशाण सांभाळताना दोन्ही हात गमावलेल्या अब्बास यांची गोष्ट प्रत्येक मजलिसीत सांगितली जाते. मोहरमच्या दहा दिवसांत धातूचे खरे अलम समोर उभे राहत आणि मागच्या भिंतीवर रंगांचे अलम. उरलेले वर्षभर भिंत एकटीच ते निशाण धरून उभी असे.

या फरशीकामावर १६११ चा काल मिळतो. येथे इतिहासप्रेमी मित्रांसाठी एक छोटासा धडा. ‘ही फरशी अब्दुल्ला कुतुबशहाने १६११ साली बसविली’ असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते आणि एकमेकांवरून उतरवले जाते. अब्दुल्लाचा जन्म १६१४ चा! मुहम्मद कुली १६१२ च्या आरंभी वारला. तेव्हा १६११ चे काम त्याच्याच कारकिर्दीच्या शेवटच्या काळातले. सनावळी पाठ करण्यापेक्षा दोन सन शेजारी ठेवून पाहणे किती उपयोगी असते, ते यावरून दिसेल.

अब्दुल्लाचा वाटा वेगळा आहे, आणि तोही मोठा. तो १६२६ मध्ये बारा वर्षांचा असताना गादीवर आला आणि १६७२ पर्यंत राज्य केले. त्याच्या काळाचा इतिहास सांगणाऱ्या निजामुद्दीन अहमदच्या ‘हदीकत-उस-सलातीन’ या फारसी ग्रंथात येथील मोहरमचे वर्णन आहे. चंद्रदर्शन झाले की राजवाड्यातील नौबत थांबे. सुलतान राजवस्त्रे उतरवून काळे कपडे घाली. शहरात मद्य, मांस आणि विडा यांची विक्री बंद. आशुरखान्यात चौदा मासूम, म्हणजे प्रेषित, फातिमा आणि बारा इमाम, यांच्या नावाचे चौदा अलम जरीच्या वस्त्रांत उभे राहत. आणि दिवे! दिव्यांच्या दहा रांगा, प्रत्येक रांगेत एक हजार. पहिल्या रात्री पहिली रांग उजळायची, दुसऱ्या रात्री दुसरी. दहाव्या रात्री दहा हजार दिवे. त्या थरथरत्या उजेडात ही चकचकीत भिंत कशी दिसत असेल, याची कल्पना केली म्हणजे एवढे रंग कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मिळते. ती विजेच्या दिव्यासाठी केलेलीच नाही. ज्योत हलली की फरशीवरचा उजेड हलतो आणि स्थिर निशाण फडकल्यासारखे वाटते.

हा सोहळा केवळ दरबारी किंवा केवळ शिया नव्हता. तेलंगणाची बहुसंख्य प्रजा तेलुगू बोलणारी आणि हिंदू. अलमला नवस बोलणे, वस्त्र वाहणे, लहान मुलांना त्याच्या खालून नेणे, हे प्रकार इराणातून आले असे म्हणणे धाडसाचे होईल. ते इथल्या जत्रेचे, इथल्या देवकाचे संस्कार आहेत. अब्दुल्लाविषयीची एक दंतकथा हैदराबादेत आजही सांगतात. कोवळ्या वयातील अब्दुल्लाला घेऊन हत्ती बेफाम झाला आणि जंगलात नाहीसा झाला. आई हयात बक्षी बेगमने नवस केला की मुलगा सुखरूप आला तर हत्तीच्या साखळदंडाइतका सोन्याचा ‘लंगर’ अलमला अर्पण करीन. मुलगा परतला, नवस फेडला गेला आणि लंगरची मिरवणूक सुरू झाली. कथेतील तपशील किती खरा, हा प्रश्न बाजूला ठेवू. नवस करणारी आई कोणत्याही मराठी घरात ओळखीची आहे.

१६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज याच शहरात आले. आपल्या बखरी त्याला भागानगर म्हणतात. गादीवर अबुल हसन तानाशहा, कारभारात मादण्णा आणि आकण्णा हे ब्राह्मण बंधू. महाराजांच्या स्वागतासाठी शहर शृंगारल्याचे वर्णन सभासदाने केले आहे. तेव्हा आशुरखाना ऐंशी वर्षांचा झाला होता. शिया सुलतान, ब्राह्मण कारभारी आणि मराठा छत्रपती यांचा तह जेथे झाला, त्या शहराचा हा एक जिवंत भाग होता, एवढे ध्यानात घेतले तरी दख्खनच्या राजकारणाचे आपल्या डोक्यातील चित्र थोडे बदलते.

मग तो काळ संपला. १६८५ मध्ये मोगल फौजा हैदराबादेत शिरल्या आणि शहर लुटले गेले. पुढच्या वर्षी मादण्णा-आकण्णांची हत्या झाली. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. तानाशहाची रवानगी दौलताबादच्या किल्ल्यात झाली. तेथील चिनी महाल पाहायला आपण जातो, तोच या शेवटच्या कुतुबशहाचा तुरुंग. मरेपर्यंत तो तेथून सुटला नाही; त्याला पुरले ते जवळच खुलताबादेत. आणि ज्याने त्याला कैद केले, तो औरंगजेबही अखेर खुलताबादेतच पुरला गेला.

औरंगजेबाने १६६९ मध्येच, बुऱ्हाणपुरातील मिरवणुकीत दोन गटांत मारामारी झाल्यानंतर, मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी आणली होती. हैदराबाद हाती आल्यावर आशुरखान्यातील शोकविधी थांबले. त्या काळात वास्तूचा ‘बंडीखाना’ झाला, असे परंपरागत वृत्तान्त सांगतात. मराठी वाचक हे घाईत ‘बंदीखाना’ असे वाचून तुरुंग समजेल. पण तेलुगूत बंडी म्हणजे गाडी. आपल्या विदर्भातही बैलगाडीला बंडीच म्हणतात. दहा हजार दिव्यांच्या दालनात गाड्या उभ्या राहू लागल्या.

भिंत मात्र पाडली गेली नाही. याचे श्रेय कोणाला द्यावे हे सांगणे कठीण. कदाचित गाड्या ठेवायला चांगले छप्पर हवे होते, एवढेच कारण असेल. इतिहासात पुष्कळ गोष्टी कोणाच्या औदार्यामुळे वाचत नाहीत. त्या कोणाच्या तरी सोयीच्या असतात म्हणून वाचतात.

शोक घरांत गेला. दख्खनी मर्सिया थांबला नाही, उलट याच राजाश्रयहीन काळात तो अधिक लोकांच्या तोंडी झाला. राजा नसताना टिकलेली ही दशके मला दहा हजार दिव्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात.

पुढे निजाम आले. आसफजाही घराणे सुन्नी, आणि त्याची आरंभीची राजधानी आपले औरंगाबाद. निजाम अली खानाच्या काळात (१७६२–१८०३) राजधानी हैदराबादला स्थिरावली आणि याच सुन्नी राजाने कुतुबशाही शियांचा हा आशुरखाना पुन्हा उघडला, दुरुस्त केला. आज आपण ज्या उंच लाकडी खांबांखालून आत जातो, ते दालन त्याच काळातील भर आहे. राजाचा पंथ वेगळा असताना हे का केले असेल? एक कारण उघड आहे. दरबारात शिया अमीर वजनदार होते. मीर आलम आणि पुढे सालारजंग घराणे ही ठळक नावे. दुसरे कारण असे की मोहरम हे एव्हाना शहराचेच सुतक झाले होते, आणि शहरावर राज्य करायचे तर त्याच्या सुतकात सामील व्हावे लागते.

मराठी राजांनीही हे ओळखले होते. इंदूरला होळकरांचा आणि ग्वाल्हेरला शिंद्यांचा सरकारी ताजिया निघे. अहमदनगरच्या बारा इमाम कोठल्यातील सवाऱ्यांचे नाते थेट निजामशाहीशी लागते. कित्येक खेड्यांत शिया घर एकही नसताना पंजे बसत, डोले उठत, अलाव्याचा खड्डा खणला जाई आणि खांदा देणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असे. पुण्यातही तेच होते. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर वातावरण पालटले. १८९४ पासून गणेशोत्सवाचे सार्वजनिक रूप वाढत गेले आणि ताबुतांपुढचा हिंदू समाज झपाट्याने कमी झाला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पण आपल्या आजोबांच्या आजोबांना ‘ताबूत’ हा शब्द किती घरगुती होता, हे आज आठवावे लागते, एवढे येथे नमूद करतो.

आता भिंतीवरची शेवटची नोंद. नीट पाहिले तर काही भागांत रंग सपाट दिसतात. नक्षी तीच, चमक नाही. जवळ गेल्यावर कळते की तेथे फरशी नाहीच. गिलाव्यावर रंगाने फरशीची नक्कल काढली आहे. मोगलांचा इतिहास वाचून आलेल्या माणसाला वाटेल की हे घाव १६८७ चे. ते तसे नाहीत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असा अंदाज दिला जातो. नदीच्या तीरापासून आशुरखाना फार दूर नाही. पाणी आत शिरले आणि तीनशे वर्षे टिकलेले तुकडे निखळले. या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना हैदराबादला बोलावले गेले आणि उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे झाली. शाळेत हे आपण शिकतो. भिंतीवरची ही रंगवलेली ठिगळे त्याच पुराची.

मोझेक कापणारे हात तोवर उरले नव्हते. मग रंगाऱ्याला बोलावून रिकामी जागा भरून घेतली. संवर्धनशास्त्राच्या आजच्या कसोटीवर ते काम उतरणार नाही, आणि ते पुसून नव्याने मोझेक बसवावे असे काहींना वाटू शकेल. माझे मत उलट आहे. १६११ ची फरशी सुलतानाने करवून घेतली. ही ठिगळे मोहरम पुन्हा येणार आहे आणि तेव्हा अलमच्या मागे भिंत उघडीबोडकी दिसता कामा नये, या काळजीतून झाली आहेत.

मोहरमला आजही येथे अलम उभे राहतात आणि मजलिस भरते. आशुऱ्याच्या दिवशी दबीरपुऱ्याच्या बीबी का अलावा येथून बीबी का अलम हत्तीवरून निघतो, तेव्हा जुन्या शहराचे रस्ते काळ्या कपड्यांनी भरून जातात. हैदराबादला जाणार असाल तर चारमिनार पाहून परत फिरू नका. पथ्थरगट्टीत कोणालाही विचारा, वाट सांगतील. आत जाताना पादत्राणे बाहेर काढा. आणि भिंतीसमोर उभे राहिलात, की चमक कोठे संपते आणि रंग कोठे सुरू होतो, ती रेघ शोधून पाहा.